लो-बँडसाठी वायरचा मोठा लूप: कोणता निवडावा, कसा टांगावा

हॅम रेडिओचा परवाना आला, रिग (रेडिओ सेट) टेबलावर बसला आणि आता वर काय टांगायचं या प्रश्नापाशी तुम्ही अडला असाल, तर हे सगळं तुमच्यासाठी लिहिलंय. मी राहतो पुण्यात, गावचं घर कुडाळजवळ. त्या घराच्या परड्यात मी आजवर तीन लूप टांगले. पहिला जूनच्या वाऱ्यात तुटून पडला. दुसरा उत्तम चालायचा, पण मला हवं होतं ते काम त्याचं नव्हतंच, आणि हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला. तिसरा अजून वर आहे. तुमचा हिवाळा वाया जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

लो-बँड म्हणजे ४०, ८० आणि १६० मीटरचे, कमी फ्रिक्वेन्सीचे बँड. आणि इथे लूप म्हणजे एका पूर्ण तरंगलांबीचा, वायरचा बंद वेढा. गॅलरीत ठेवतात तो मीटरभर व्यासाचा मॅग्नेटिक लूप हे वेगळं प्रकरण आहे, त्याचं गणितही वेगळं. नवख्यांची गफलत बहुतेक एकाच जागी होते. 'लूप फार छान अँटेना आहे' एवढं कानावर पडतं आणि जमिनीला समांतर पसरलेला आडवा लूप आणि भिंतीसारखा उभा लूप हे एकच वाटू लागतात. वायर तीच, लांबी तीच, पण स्वभाव दोन टोकांचे. निवड करायची ती या दोघांत, आणि ती वायर विकत घ्यायच्या आधी करायची.

१. कोणाशी बोलायचंय ते आधी ठरवा

अंगणात पाण्याचा पाइप सरळ वर धरला की पाणी आपल्याच अंगणात चहूबाजूंनी पडतं. तिरका धरला की शेजारच्या वाडीत जातं. अँटेनाचंही असंच. जमिनीपासून पाव तरंगलांबीपेक्षा कमी उंचीवरचा आडवा लूप आपली ऊर्जा जवळपास सरळ वर फेकतो. आयनावरणावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवर, आपटून ती खाली येते आणि आपल्याभोवती चार-पाचशे किलोमीटरच्या परिसरात पसरते. महाराष्ट्रात याचं मोल मोठं आहे. कुडाळहून पुणं हवाई अंतराने तीनशे किलोमीटरच्या आत, पण मध्ये सह्याद्री आडवा. व्हीएचएफचा हँडी (उंच फ्रिक्वेन्सीचा, हातात मावणारा सेट) घेऊन घाटाखालून देशावर बोलणं रिपीटरशिवाय (उंचावरून सिग्नल पुढे पाठवणाऱ्या केंद्राशिवाय) होत नाही. आडव्या लूपला मात्र डोंगराची फिकीर नाही, कारण सिग्नल डोंगराच्या डोक्यावरून खाली उतरतो. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे वीज आणि मोबाइल कोलमडले, तसा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तेव्हा शेजारच्या जिल्ह्याशी बोलायला असाच अँटेना हवा, दहा हजार किलोमीटरवरच्या स्टेशनशी बोलणारा नव्हे.

आता बँड. आपल्याकडे दिवसा आयनावरण बहुधा इतकं भरलेलं असतं की ७ मेगाहर्ट्झचा सरळ वर गेलेला सिग्नलही परत येतो, म्हणून दिवसाची जवळची बोलणी ४० मीटरवर. ८० मीटर दिवसा आयनावरणाच्या सगळ्यात खालच्या डी-थरात शोषला जातो, तो सूर्यास्तानंतर जागा होतो. पहाटे आयनावरण विरळ झालं की ४० मीटरवरून जवळची स्टेशनं गायब होतात, तेव्हा ८० मीटर कामाला येतो. उन्हाळा आणि पावसाळ्यात मात्र विजांची खरखर ८० मीटरवर कान किटवते. या बँडचे खरे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

आणि परदेशी स्टेशनं हवी असतील तर? तर सिग्नल क्षितिजाजवळून निघायला हवा. आडव्या लूपने हे ८० मीटरवर साधायचं तर तो निदान अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे ४० मीटर उंच न्यावा लागेल. ते आपल्यापैकी कोणालाही शक्य नाही. तिथे उभा डेल्टा, म्हणजे त्रिकोणी लूप, तोही बाजूने फीड केलेला (केबल तिरक्या बाजूवर जोडलेला). माझा वाया गेलेला हिवाळा यातच गेला. आठ मीटर उंचीवरच्या आडव्या लूपवर बसून मी पहाटे-पहाटे युरोपला हाका मारत होतो. बेळगाव आणि नागपूर छप्पर उडेल असे यायचे, इटली मला ऐकू यायची, पण इटलीला मी ऐकू जात नव्हतो. अँटेनात दोष काहीच नव्हता, मी त्याला नको ते काम सांगत होतो.

२. जागा आणि आधार मोजा

लांबीचं सूत्र सोपं आहे: ३०६ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये.

- ८० मीटर बँड, ३.६ मेगाहर्ट्झ: ८५ मीटर वायर. चौकोन केला तर एक बाजू साधारण २१ मीटर, म्हणजे साडेचार गुंठे जागा.
- ४० मीटर बँड, ७.१ मेगाहर्ट्झ: ४३ मीटर वायर. बाजू पावणेअकरा मीटर, जागा गुंठ्याहून थोडी जास्त.
- १६० मीटर बँड, १.८४ मेगाहर्ट्झ: १६६ मीटर वायर. शेत असेल तरच विचार करा.

भारतात ४० मीटर बँड ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, आणि ८० मीटर ३.५०० ते ३.७०० अधिक ३.८९० ते ३.९०० मेगाहर्ट्झ. परदेशी लेखांत ८० मीटरचे लूप बरेचदा ३.८ च्या आसपास कापलेले असतात. तो आकडा जसाच्या तसा उचललात तर लूप आपल्या बँडबाहेर जाऊन बसेल.

आकार चौकोनीच हवा असं काही नाही. झाडं जिथे आहेत तिथे ती असणार. चार कोपऱ्यांना चार झाडं मिळाली नाहीत तर त्रिकोण करा, वेडावाकडा पंचकोन करा, चालतो. वेढ्याच्या आत जितकं जास्त क्षेत्र सापडेल तितकं बरं. फक्त दोन बाजू अगदी जवळ आणून लांबट चपटी पट्टी करू नका. मग तो लूप उरत नाही, समोरासमोरच्या दोन तारांची जोडी होते आणि त्या एकमेकींचं काम पुसतात.

उभ्या डेल्टाला एकच उंच आधार पुरतो, हे त्याचं मोठं सुख. ४० मीटरच्या समभुज त्रिकोणाची बाजू १४.४ मीटर, त्रिकोणाची उंची साडेबारा मीटर. खालची तार डोक्याच्या वर अडीच-तीन मीटरवर ठेवायची, म्हणजे शेंडा पंधरा मीटरवर गेला पाहिजे. कोकणात हे माडाने सुटतं. घाटावर जीआय पाइपचा मास्ट किंवा घराच्या टाकीवर उभा केलेला कळक. ८० मीटरच्या पूर्ण डेल्टाला पंचवीस मीटरहून उंच आधार लागतो. तो नसेल तर त्रिकोण बुटका आणि रुंद करा, थोडं नुकसान सोसून चालतो.

फ्लॅटवाल्यांसाठी एक सूचना. गच्चीवर दोन मीटर उंचीच्या काठ्यांवर लूप फिरवला म्हणजे तो इमारतीइतका उंच झाला, असं धरू नका. स्लॅबमधल्या सळया खालून जमिनीसारख्या वागतात. शक्य असेल तर एक-दोन कोपरे इमारतीबाहेर, समोरच्या झाडाकडे न्या. फरक लगेच ऐकू येईल.

३. जमिनीकडेही बघा

हा मुद्दा फारसं कोणी सांगत नाही, म्हणून वेगळा काढला. आडव्या लूपला खालच्या जमिनीचा फार त्रास होत नाही, अगदीच खाली नसला तर. उभा, बाजूने फीड केलेला डेल्टा मात्र क्षितिजाकडे जाणारा सिग्नल जमिनीच्या भरवशावर घडवतो. सोलापूर-मराठवाड्याची काळी, ओल धरणारी माती त्याला मानवते. आमच्या जांभ्यावर तो निम्म्या अंगाने चालतो. आणि समुद्र अगदी जवळ असेल, म्हणजे मालवण-वेंगुर्ल्यासारखं किनाऱ्यालगत घर असेल, तर दुसरा विचारच करू नका. खाऱ्या पाण्यावरून निघणाऱ्या उभ्या ध्रुवीकरणाच्या (उभ्या दिशेत कंप पावणाऱ्या) सिग्नलची बरोबरी दुसरी कुठलीच जमीन करत नाही.

४. निवड

राज्यातल्या नेटवर (ठरलेल्या वेळच्या सामूहिक रेडिओ-गप्पांत) रोज हजेरी, आपत्तीत उपयोग, दिवसा-रात्री दोन्ही वेळा आणि जागा चार-पाच गुंठे: ८० मीटरचा आडवा लूप, आठ ते बारा मीटर उंचीवर. डायपोल (मधोमध फीड केलेली, अर्ध्या तरंगलांबीची सरळ तार) आपल्या फ्रिक्वेन्सीच्या विषम पटींवरच सोयीचा पडतो, पण पूर्ण तरंगलांबीचा लूप प्रत्येक पूर्ण पटीवर जुळतो. म्हणून हाच वेढा ४०, २०, १५ आणि १० मीटरवरही चालतो. शिवाय बारा मीटर उंची ८० मीटरसाठी कमी असली तरी २० मीटर बँडसाठी ती अर्ध्या तरंगलांबीहून जास्त आहे, तेव्हा तिथे दूरची स्टेशनंही मिळतात. अशा आडव्या लूपला परदेशी हॅम 'स्कायवायर' म्हणतात. नवख्याला एकच अँटेना टांगायचा असेल तर माझं मत याच्याच बाजूने.

जागा गुंठाभर, रिग एकाच बँडचा, उदाहरणार्थ हैदराबादच्या अशहर फरहान यांनी आखलेल्या बिटएक्स या घरी बांधायच्या रिगच्या आराखड्यावरून बांधलेला: ४० मीटरचा आडवा लूप. ट्यूनरशिवाय (अँटेना रिगशी जुळवणाऱ्या डब्याशिवाय) चालवता येतो.

डीएक्सची (दूरदेशीच्या स्टेशनांची) ओढ, एक उंच झाड, किनारा किंवा काळी माती: ४० मीटरचा उभा डेल्टा.

झाडं दोनच, उंची सात मीटर, जागा अरुंद: लूपचा हट्ट सोडा. उलटा व्ही डायपोल (मध्य उंच, दोन्ही टोकं खाली उतरलेली) टांगा. पूर्ण लूपला डायपोलपेक्षा सुमारे १ डेसिबल जास्त मिळतो, तोही जागा ऐसपैस असेल तर. त्या एका डेसिबलसाठी वेडावाकडा, जमिनीलगतचा लूप टांगण्यात काही मिळत नाही.

५. सामान आणि कागद

- मल्टिस्ट्रँड घरगुती वायर, दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएम. आपल्याकडे बंडल ९० मीटरचं येतं. ८० मीटरच्या एका लूपला ते नेमकं पुरतं, ४० मीटरचे दोन होतात.
- इन्सुलेटर: विजेच्या खांबाच्या ताणाला असतो तो चिनी मातीचा अंड्यासारखा, किंवा पीव्हीसी पाइपचे हातभर तुकडे.
- पॉलिएस्टरची दोरी. साधी नायलॉन भिजली की लांबते. स्वस्त प्लास्टिकची सुतळी एका उन्हाळ्यात पिठासारखी होते.
- प्रत्येक झाडामागे एक कप्पी आणि पाच लिटरचा रिकामा कॅन.
- को-अ‍ॅक्स केबल, बलून (केबल आणि अँटेना जुळवणारा) किंवा चोकसाठी (केबलच्या जाळीबाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारा) फेराइटची कडी, कनेक्टर, सेल्फ-अ‍ॅमलगमेटिंग टेप.
- नॅनो-व्हीएनए, म्हणजे अँटेना मोजायचं छोटं यंत्र. महागडं उपकरण नाही, आणि याच्याविना सगळं अंदाजपंचे.
- मोजपट्टी, सोल्डरिंग आयर्न, आणि मदतीला दोन माणसं.

पुण्यात बहुतेक इलेक्ट्रॉनिक सामान बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ मिळून जातं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. फेराइट घेताना मटेरियलचा नंबर विचारा. ३१ किंवा ४३ हवं. एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून) काढलेली पिवळी-पांढरी कडी दिसायला तशीच असते, पण ती लोखंडाच्या भुकटीची, या कामाची नाही.

कागदांत परवान्याची प्रत हाताशी ठेवा आणि त्यावर स्टेशनचा पत्ता कोणता आहे तो नीट वाचा. गावच्या घरी अँटेना आणि परवान्यावर शहरातला पत्ता, असं असेल तर आधी नियमांप्रमाणे पत्त्याची व्यवस्था करा, मग टांगा. सोसायटी असेल तर लेखी परवानगी घ्या. तोंडी 'हो' दिलेले सेक्रेटरी पुढच्या निवडणुकीत बदलतात. दोरी शेजाऱ्याच्या झाडाला बांधणार असाल तर त्यांना घरी बोलावून रेडिओ ऐकवा. आमच्या शेजारच्या काकांनी एकदा कानाला हेडफोन लावून नागपूर ऐकलं, तेव्हापासून माझ्या दोरीवर माझ्यापेक्षा त्यांचंच लक्ष जास्त असतं.

६. टांगणं

सगळ्यात आधी वर बघा. विजेची लाइन कुठून जाते? लूपची वायर, दोरी, किंवा तुटली तर झोका घेऊन जिथवर जाईल ती जागा, यातलं काहीही लाइनच्या वर, खाली किंवा जवळ येता कामा नये. घराकडे येणारी साधी सर्व्हिस वायरसुद्धा यात धरा. इथे तडजोड नाही. जागाच तशी असेल तर लूप टांगू नका.

वायर जमिनीवर पसरून मोजा, सूत्रापेक्षा अर्धा मीटर जास्त ठेवा. इन्सुलेटर आधी ओवून घ्या. फीडपॉइंटचा (केबल जोडायच्या जागेचा) इन्सुलेटर सोडला तर बाकीच्या कोपऱ्यांवर वायर बांधायची नाही, ती भोकातून मोकळी सरकली पाहिजे. झाडं झुलतात तेव्हा वायर एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकते आणि ताण वाटला जातो. माझा पहिला लूप याच कारणाने गेला. चारही कोपरे मी घट्ट गाठी मारून बांधले होते. आंबा एकीकडे झुकला, माड दुसरीकडे, आणि वायर नेमकी गाठीपाशी तुटली. नंतर हातात घेतली तर उरलेली वायरही ताणून लांब झाली होती. घरगुती वायरचं तांबं मऊ असतं. एक टक्का लांबली की ७.१० चा लूप ७.०३ वर येतो.

म्हणून कप्पी. दोरी कप्पीवरून खाली आणा आणि टोकाला कॅन लटकवा. त्यात रेती भरत जा, वायर हलका झोळ ठेवून उभी राहील इतकीच. वारा आला की कॅन वर जातो, झाड परत आलं की खाली येतो. माडावर चढायला गावातल्या पाडेलीला बोलवा. स्वतः चढू नका. माझ्या कप्प्या ज्यांनी बांधल्या त्यांनी वर बसूनच मला विचारलं, 'दोरी झावळीवर घासात, जरा खाली बांधू?' त्यांचं ऐकलं. ती दोरी अजून शाबूत आहे.

७. फीड

मोकळ्या जागेत पूर्ण लूपचा फीडपॉइंट १०० ते १२० ओहमच्या आसपास असतो. आपला रिग आणि केबल ५० ओहमचे. म्हणजे एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप, १ म्हणजे अचूक) २ च्या जवळ. यावरून घाबरून बाजारातला ४:१ बलून लगेच आणू नका. आडवा लूप जमिनीजवळ आला की त्याचा रोध उतरतो. दहाव्या हिश्शाच्या तरंगलांबीइतका खाली असला तर तो आपोआप ५०-७० ओहमला येऊ शकतो, आणि मग ४:१ बलून लावून तुम्ही जुळलेलं बिघडवाल. आधी टांगा, मोजा, मग ठरवा.

मोजून १०० च्या पुढे आलं आणि एकच बँड वापरायचा असेल, तर ७५ ओहमच्या केबलचा पाव तरंगलांबीचा तुकडा मध्ये घाला. ७५ गुणिले ७५ भागिले ११० म्हणजे ५१, काम फत्ते. डिश टीव्हीची आरजी-६ ही ७५ ओहमचीच असते. ७.१ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी १०.५६ मीटर, तिला केबलच्या वेगगुणकाने (केबलमध्ये सिग्नल किती मंदावतो त्या आकड्याने) गुणा. भरीव पॉलिथिनच्या केबलचा गुणक ०.६६, म्हणून तुकडा ७ मीटरच्या थोडा आत. फोमवाल्या आरजी-६ चा बहुधा ०.८२ ते ०.८५, म्हणून ८.७ ते ९ मीटर. केबलवर छापलेलं बघा किंवा नॅनो-व्हीएनएने काढा.

आरजी-६ बद्दल एक इशारा. तिची जाळी अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला टिन धरत नाही. मी तासभर फ्लक्स जाळून झाल्यावर हे लक्षात आलं. वरून टिनाचा चकचकीत थेंब बसलेला दिसत होता, बोट लावलं तर गोळीसारखा निखळून हातात आला. या केबलला एफ कनेक्टर क्रिंप करा आणि पुढे अडॅप्टर लावा. जोडावर टेप असा गुंडाळा की पाण्याचा थेंब खाली ओघळून जाईल, आणि केबलला फीडपॉइंटखाली एक वळसा लोंबता ठेवा. कोकणातल्या पावसात पाणी एकदा जाळीत शिरलं की ती केबल गेली असं समजा.

अनेक बँड हवे असतील तर मात्र हा तुकडा उपयोगाचा नाही. दुप्पट फ्रिक्वेन्सीवर तो अर्ध्या तरंगलांबीचा होतो आणि काहीच बदलत नाही. तिथे उघडी लॅडर लाइन आणि घरात ट्यूनर. दोन अडीच-स्क्वेअर वायर दहा सेंटिमीटर अंतरावर ठेवा, मध्ये दर हातभर अंतरावर इलेक्ट्रिशियनच्या पाइपचे तुकडे लावा: साडेपाचशे ओहमच्या आसपासची लाइन घरच्या घरी तयार. फक्त तिला पत्र्यापासून, पन्हाळ्यापासून, खिडकीच्या गजांपासून वीतभर तरी दूर ठेवा.

को-अ‍ॅक्सने फीड केलात तर फीडपॉइंटला १:१ चोक लावाच. फेराइटच्या कडीवर केबलचे दहा-बारा वेढे पुरतात. तो नसेल तर केबलची बाहेरची जाळीही अँटेना होते आणि घरातल्या चार्जर-एलईडींची सगळी खरखर उचलून आणते. 'लूप शांत असतो' असं ऐकून टांगला आणि रिगच्या मीटरवर एस-९ चा, म्हणजे दणदणीत गोंगाट आला, अशी तक्रार मला आजवर जेवढ्यांनी सांगितली, त्यातल्या बहुतेकांकडे चोक नव्हता.

उभ्या डेल्टात फीडची जागा सगळं ठरवते. शेंड्यातून किंवा खालच्या बाजूच्या मध्यातून फीड केलात तर ध्रुवीकरण आडवं होतं आणि सिग्नल पुन्हा वरच जातो. शेंड्यापासून पाव तरंगलांबी खाली, म्हणजे ४० मीटरच्या डेल्टात तिरक्या बाजूवर १०.८ मीटर उतरून, खालच्या कोपऱ्याच्या ३.६ मीटर अलीकडे फीड करा. तेव्हाच तो क्षितिजाकडे बघतो. केबल तिथून शक्य तितकी काटकोनात दूर न्या.

या मांडणीत सर्वाधिक व्होल्टेज कुठे असतं तेही लक्षात ठेवा: फीडपासून दोन्हीकडे पाव तरंगलांबीवर. म्हणजे एक शेंडा आणि दुसरं नेमकं खालच्या तारेच्या मध्यभागी, जिथे खाली मुलं खेळतात. अडीच-तीन मीटर उंचीचा आग्रह त्यासाठीच. बंद लूपचा जन्मही व्होल्टेजच्या त्रासातूनच झाला. इक्वेडोरमधलं किटो समुद्रसपाटीपासून सुमारे २८५० मीटर उंच. तिथली हवा विरळ. १९४० च्या दशकात तिथल्या एचसीजेबी या नभोवाणी केंद्रावर अँटेनाच्या टोकांवर ठिणग्या पडून टोकं जळत. क्लॅरेन्स मूर यांनी टोकंच नसलेला, चौकोनी बंद वेढ्याचा अँटेना बांधून हा प्रश्न सोडवला. आजचा क्वाड तो हाच.

८. मोजणं आणि छाटणं

सूत्रानुसार कापलेला पीव्हीसी वायरचा लूप हव्या त्या फ्रिक्वेन्सीच्या खालीच येणार. आवरणामुळे दोन-तीन टक्के फरक पडतो. माझा ४३.१ मीटरचा लूप ६.९१ वर आला. गणित सरळ आहे: असलेली लांबी गुणिले मोजलेली फ्रिक्वेन्सी, भागिले हवी ती. ४३.१ गुणिले ६.९१ भागिले ७.१० म्हणजे ४१.९५. सव्वा मीटरच्या जरा आत कापायचं, तेही फीडपॉइंटच्या दोन्ही बाजूंनी सारखं. एकदम कापू नका. आधी निम्मं कापा, पुन्हा वर चढवून मोजा. खाली जमिनीजवळ घेतलेलं माप वर गेल्यावर बदलतं, म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण उंचीवर नेऊनच मोजायचं. कंटाळवाणं आहे, पण कप्पी असल्यामुळे दहा मिनिटांत होतं. पावसात ओला झालेला लूप थोडा खाली सरकतो, तेव्हा मधोमध जुळवण्यापेक्षा किंचित वर जुळवून ठेवा.

आणि १.५ च्या एसडब्ल्यूआरचं १.१ करण्यात रविवार घालवू नका. तीस मीटर केबलवर ७ मेगाहर्ट्झला तो फरक समोरच्याला ऐकूही येत नाही.

९. वीज, मांजा, माकडं

एप्रिल-मेमधल्या दुपारी आणि परतीच्या पावसात केबल रिगपासून काढा. काढून टेबलावर ठेवू नका, ती घराबाहेर गेली पाहिजे. मी खिडकीबाहेर एक जोडणी ठेवली आहे. रोज बंद करताना तिथेच सोडवतो आणि बाहेरचं टोक अर्थिंगच्या सळईला लावतो. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र त्या केबलला हात लावायला जाऊ नका. ते काम आधीच झालेलं असायला हवं.

संक्रांतीनंतर एक फेरी मारून वायरीत अडकलेला मांजा काढा. तो दोरीवर घासत राहतो. कोकणात माकडं जाड दोरीवर झोके घेतात, त्यांना बारीक दोरी आवडत नाही असा माझा अनुभव. पावसाळ्याआधी दोऱ्या, कप्प्या आणि टेप तपासायचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

१०. काम करतोय का ते तपासणं

'छान ऐकू येतंय' या एका वाक्यावर समाधान मानू नका. डब्ल्यूएसपीआर (छोटे संदेश आपोआप पाठवून ते कुठे पकडले गेले ते दाखवणारी पद्धत) लावा, एखाद-दोन वॅटवर, दोन मिनिटांचा एकेक संदेश. आठवडाभर सकाळ, दुपार, रात्र आणि पहाट अशा चार वेळा पाठवा. कोणत्या स्टेशनने किती डेसिबलवर पकडलं आणि ते किती किलोमीटरवर आहे, हे वहीत उतरवा. शक्य असेल तर शेजारी एक साधा डायपोल टांगून आलटून-पालटून तेच करा. वहीत पाचशे किलोमीटरच्या आतली नावं दाट आणि पलीकडे मोकळं दिसलं, तर तुमचा अँटेना वर बघतोय. उलट दिसलं तर क्षितिजाकडे. पहिल्या मुद्द्यात ठरवलं होतं त्याच्याशी हे जुळत नसेल, तर आडव्या लूपची उंची बघा, डेल्टाचा फीडपॉइंट कोपऱ्यापासून पुन्हा मोजा. माझ्या डेल्टात तो पहिल्यांदा दोन मीटर खाली बांधला गेला होता, आणि ते मला वहीतल्या आकड्यांवरूनच कळलं.